मानववंशशास्त्र आणि डेव्हलपमेंट स्टडीजचं मास्टर्स: परदेशात जाऊन नक्की शिकतात काय?

ह्या डिग्रीबद्दल मला जे प्रश्न येतात ते साधारण दोन बाजूंनी येतात. काहींना वाटतं मानववंशशास्त्र म्हणजे कवट्या मोजायच्या, उत्खननं करायची, मग त्यात डेव्हलपमेंट कुठून आलं. आणि काहींना वाटतं गरिबी कशी हटवायची याचं ट्रेनिंग मिळतं, ते घेतलं की युनायटेड नेशन्समध्ये नोकरी. या समजुती घेऊनच लोक फॉर्म भरतात, कर्ज काढतात, तिकडे जातात आणि पहिल्या दोन महिन्यांत पार गोंधळून जातात, कारण वर्गात तिसरंच काहीतरी चाललेलं असतं. माझंही तसंच झालं होतं, म्हणून जरा बैजवार सांगते.

आधी मानववंशशास्त्र. माणसं एकत्र कशी राहतात, लग्नं कशी ठरवतात, देणंघेणं कसं करतात, कुणाला मान देतात, कशाला घाबरतात, हे सगळं त्यांच्यात राहून समजून घ्यायचा हा विषय. "त्यांच्यात राहून" हे महत्त्वाचं. त्याचं बरंचसं श्रेय ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की या पोलिश माणसाला देतात. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा हा ऑस्ट्रेलियात होता, कागदोपत्री ऑस्ट्रियाचा म्हणजे ब्रिटिशांच्या लेखी शत्रूच, तरी त्याला संशोधन करू दिलं गेलं आणि १९१५ ते १९१८ च्या दरम्यान तो न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर दोनदा जाऊन राहिला. गावातच तंबू ठोकला, भाषा शिकला, सकाळी उठून लोक काय करतात, कुणाचं कुणाशी भांडण झालं, हे रोज लिहीत गेला. त्याआधी बरेच विद्वान साहेबाच्या बंगल्याच्या व्हरांड्यात बसून दुभाष्यामार्फत चार प्रश्न विचारायचे आणि ग्रंथ लिहायचे. तर हे राहून बघणं म्हणजे पार्टिसिपंट ऑब्झर्वेशन आणि त्यातून जे लिखाण होतं ती एथ्नोग्राफी. कवट्या-हाडं ही शारीरिक मानववंशशास्त्राची बाजू, युरोपातल्या या मास्टर्समध्ये ती जवळपास नसतेच.

त्याच मालिनोव्स्कीची खाजगी डायरी तो गेल्यानंतर १९६७ मध्ये छापली गेली आणि तिच्यात तो ज्यांच्यात राहिला त्याच लोकांबद्दल चिडून, तुच्छतेने लिहिलेलं सापडलं. सगळा विषय हादरला. तेव्हापासून बघणारा कोण आहे, त्याची जागा काय, त्याचा राग-लोभ त्याच्या लिखाणात कसा उतरतो हेही तपासायचं असतं, आणि मास्टर्सला आलेल्या पोरापोरींनाही यातून सुटका नसते.

आता डेव्हलपमेंट. वसाहतींच्या काळातही सुधारणेची भाषा होतीच, पण आज ज्याला आपण विकासाचं क्षेत्र म्हणतो त्याची सुरुवात सांगताना बहुतेक प्राध्यापक एक तारीख फळ्यावर लिहितात, २० जानेवारी १९४९. त्या दिवशी हॅरी ट्रुमन यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतल्यावर भाषण केलं, त्यातला चौथा मुद्दा असा की अमेरिकेने आपलं ज्ञान आणि तंत्र "अविकसित" प्रदेशांच्या उपयोगी आणावं. एका भाषणाने निम्मं जग अविकसित झालं असं म्हणणं जरा भडक होईल, पण त्या शब्दाभोवती बँका, मंत्रालयं, तज्ज्ञ, प्रकल्प असं सगळं उभं राहत गेलं हे खरंय. त्यासोबत शिकवणाऱ्या संस्थाही आल्या, नेदरलँड्समध्ये हेगला इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सोशल स्टडीज १९५२ मध्ये, ब्रिटनमध्ये ससेक्सला इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज १९६६ मध्ये. पुढे १९९० मध्ये पाकिस्तानी अर्थशास्त्रज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या विचारांचा आधार घेऊन मानव विकास निर्देशांक आणला आणि नुसतं उत्पन्न मोजून भागणार नाही, आयुर्मान आणि शिक्षणही बघा हे जगाच्या गळी उतरवलं.

म्हणजे डेव्हलपमेंट स्टडीजचा प्रश्न असतो की काय करायला हवं. मानववंशशास्त्राचा प्रश्न असतो की इथे मुळात चाललंय काय. या दोघांचं पटत नाही! एकाला वाटतं तुम्ही नुसतं बघत बसता, माणसं उपाशी आहेत. दुसऱ्याला वाटतं तुम्ही न बघताच हात घालता. त्यात मानववंशशास्त्राचा स्वतःचा इतिहासही काही धुतल्या तांदळासारखा नाही, दक्षिण सुदानमधल्या नुएर लोकांवरचं इव्हान्स-प्रिचर्ड या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाचं गाजलेलं काम तिथल्या वसाहती सरकारच्या सांगण्यावरून आणि पैशावर झालं होतं. हे मास्टर्स म्हणजे या भांडणाच्या बरोबर मध्ये वर्षभर बसणं. आणि माझ्या मते या डिग्रीची खरी किंमत तिथेच आहे, कारण तिथे बसलं की मदत घेणाऱ्याकडे बघता बघता मदत करणाऱ्याकडेही बघायची सवय लागते.

हे हवेत बोलून कळत नाही, एक प्रकल्प घेऊ. लेसोथो हा छोटा डोंगराळ देश, चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिका. तिथे थाबा-त्सेका नावाच्या भागात १९७५ ते १९८४ असा एक ग्रामीण विकास प्रकल्प चालला, जागतिक बँकेचा आणि कॅनडाचा पैसा. कागदावर लिहिलं होतं की हा पारंपरिक शेतकऱ्यांचा देश आहे, आधुनिक अर्थव्यवस्थेपासून तुटलेला आहे, तेव्हा रस्ता द्या, चांगल्या जातीची जनावरं द्या, चराऊ कुरणाला कुंपण घाला, लोक जनावरं विकतील, पैसा खेळेल. जेम्स फर्ग्युसन या मानववंशशास्त्रज्ञाने तिथे राहून पाहिलं तर चित्र भलतंच निघालं. देश तुटलेला बिटलेला नव्हता, तिथले पुरुष कित्येक पिढ्या दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत कामाला जात होते आणि खेड्यातल्या घरांचा मोठा आधार त्या मजुरीचा होता.

मग जनावरं का विकत नव्हते? तज्ज्ञ म्हणायचे, परंपरा, अज्ञान, बाजाराची सवय नाही. फर्ग्युसनने घरातले हिशोब पाहिले. खाणीतून आलेली रोकड घरात आली की तिच्यावर दहा जणांचा हक्क, बायकोला घरखर्चाला हवी, नातलगाला उसनी हवी, आणि ती मागितली तर नाही म्हणणं अवघड. तीच रोकड गाईत घातली की गाय सहजासहजी विकायची नाही हा सगळ्यांना मान्य असलेला नियम, फारच अडचण आली तरच विकतात. त्यामुळे बाहेरगावी राबणाऱ्या पुरुषासाठी गाय म्हणजे म्हातारपणची शिल्लक आणि शिवाय तो नसतानाही गावात त्याचं नाव राखणारी गोष्ट. घरातल्या बायकांचं यावर वेगळं म्हणणं असायचं, भांडणंही व्हायची. आता एवढं कळल्यावर लोकांनी प्रकल्पाचं कुंपण का तोडलं, फाटकं का पाडली हे वेगळं सांगायची गरज राहत नाही. प्रकल्प शेतीच्या बाबतीत फसला. पण रस्ता झाला, सरकारी कचेऱ्या आल्या, पोलीस आले, ज्या भागात सरकारचा हात फारसा पोचत नव्हता तिथे तो पोचला. फर्ग्युसनचं म्हणणं असं की "फसला का" एवढाच प्रश्न विचारू नका, फसता फसता त्याने काय घडवलं तेही विचारा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रात्री झोपले नव्हते, अजूनही कुठला सरकारी अहवाल वाचताना मला ती गाय आठवते.

इंडोनेशियातल्या बाली बेटाचं उदाहरण याच्या उलट बाजूने जातं. तिथे भाताच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांना पाणी वाटायचं वेळापत्रक शतकानुशतकं जलमंदिरांमधून ठरायचं, शेतकऱ्यांच्या पाणी-संघटनांना सुबक म्हणतात. १९७० च्या दशकात हरितक्रांती आली, नवं बियाणं, खत, आणि सल्ला असा की मंदिराच्या तारखा सोडा, जमेल तितक्या वेळा पीक घ्या. सुरुवातीला उत्पादन वाढलं, मग पाण्याचा गोंधळ आणि किडीचा उद्रेक. स्टीफन लॅन्सिंग या मानववंशशास्त्रज्ञाने दाखवलं की मंदिराच्या तारखांमुळे मोठ्या पट्ट्यातली शेतं एकाच वेळी पडीक राहायची आणि किडीला खायलाच काही उरायचं नाही, म्हणजे जे धार्मिक कर्मकांड समजून बाजूला ठेवलं ते पाणी आणि कीड दोन्हींचं व्यवस्थापन होतं. त्याने एका पर्यावरणशास्त्रज्ञाबरोबर कॉम्प्युटर मॉडेल करून ते पटवलं, तेव्हा कुठे अधिकाऱ्यांनी ऐकलं. २०१२ मध्ये युनेस्कोने बालीच्या सुबक व्यवस्थेला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. पण एक सावधगिरी, यावरून जुनं ते सगळं सोनं असा अर्थ काढला तर सेमिनारमध्ये कुणीतरी लगेच विचारतं की या संघटनांमध्ये बायकांना मत होतं का, भूमिहीनांना होतं का.

तिसरं उदाहरण आपल्या जवळचं आहे. डेव्हिड मॉस हे ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ पश्चिम भारतातल्या भिल्ल आदिवासी भागात चाललेल्या एका शेती प्रकल्पावर सल्लागार होते, पैसा ब्रिटिश सरकारचा. बरीच वर्षं आतून काम केल्यावर त्यांनी त्या प्रकल्पाचीच एथ्नोग्राफी लिहिली, म्हणजे गावकऱ्यांची कमी आणि सल्लागार, अधिकारी, कर्मचारी यांची जास्त. त्यात त्यांनी म्हटलं की धोरण ठरवून मग काम होतं असं नसतंच, काम आपल्या गतीने चालतं आणि धोरणाच्या भाषेत ते नंतर बसवलं जातं, आणि लंडनमधलं धोरण बदललं की कालचा यशस्वी प्रकल्प आज अपयशी ठरतो, गावात काहीही बदललेलं नसताना. सहकाऱ्यांना हे पटलं नाही, त्यांनी लेखी हरकती घेतल्या, विद्यापीठाकडे आणि ब्रिटनमधल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेकडे प्रकरण गेलं. लिखाण शेवटी २००५ मध्ये छापलं गेलं. आमच्या वर्गात यावर तीन तास चर्चा झाली होती, अर्धा वर्ग मॉसच्या बाजूने, अर्धा वर्ग म्हणे ज्यांच्याबरोबर जेवलात त्यांच्याबद्दल असं लिहायचं का, आणि मला अजूनही दोन्ही बाजू पटतात.

आता प्रत्यक्ष वर्षभर काय असतं ते. ब्रिटनमध्ये शिकवलं जाणारं मास्टर्स साधारण एका वर्षाचं, १८० क्रेडिट, एक क्रेडिट म्हणजे अंदाजे दहा तासांचं काम. नेदरलँड्समध्येही बरेच कोर्स एका वर्षाचे, ६० युरोपियन क्रेडिट, एक क्रेडिट म्हणजे २८ तास, म्हणजे १६८० तास, आठवड्याला ४० तास धरले तर ४२ आठवडे भरतात. स्वीडन, डेन्मार्क वगैरेकडे बहुतेक दोन वर्षं, १२० क्रेडिट. वर्गात बसणं मात्र आठवड्याला आठ-दहा तासांच्या वर क्वचित जातं, हे वेळापत्रक बघून नवीन माणूस खूश होतो आणि तिथेच फसतो. बाकीचा सगळा वेळ वाचन. एका सेमिनारला तीन-चार लेख किंवा पुस्तकाची दोनशे पानं, असे आठवड्याला तीन सेमिनार, आणि सेमिनारमध्ये लेक्चर नसतंच, प्राध्यापक एक प्रश्न टाकून गप्प बसतात. ज्यांना नोट्स उतरवून घ्यायची सवय आहे त्यांना हा काळ फार जड जातो, मला गेला, कारण लेखकाशी असहमत व्हायचं असतं हेच कुणी आधी शिकवलेलं नसतं. थिअरीतली नावं पहिल्यांदा अंगावर येतात, येऊ द्या, डिसेंबरपर्यंत ओळखीची होतात.

फिल्डनोट्सचा पहिला धडा मात्र मला जसाच्या तसा आठवतोय. सांगितलं होतं की एखाद्या सार्वजनिक ठिकाणी तासभर बसा, काही रेकॉर्ड करू नका, परत येऊन आठवेल ते सगळं लिहा. मी नाण्यांवर चालणाऱ्या कपडे धुण्याच्या दुकानात जाऊन बसले आणि चार पानं लिहिली, छान लिहिलंय असं वाटत होतं. त्यात एक वाक्य होतं, "एक गरीब दिसणारी बाई आत आली." बाईंनी, म्हणजे आमच्या शिक्षिकेने, "गरीब दिसणारी" भोवती पेन्सिलने गोल केला आणि समासात लिहिलं, काय दिसलं? बस्स एवढंच. मी आठवायला बसले. तिने नाणी दोनदा मोजली होती. कोटाचं मधलं बटण वेगळ्या रंगाचं होतं. ड्रायरमध्ये कपडे न टाकता ओलेच पिशवीत भरून ती निघून गेली होती. हे सगळं मला दिसलं होतं आणि मी ते न लिहिता माझा निकाल लिहिला होता. कदाचित ती गरीब असेल, कदाचित तिच्या घरी दोरी असेल आणि तिला ड्रायर आवडत नसेल. फिल्डनोट्समध्ये आधी दिसलेलं लिहायचं, आपला निकाल वेगळ्या रकान्यात.

या नोट्सना किती किंमत असते याची एक गोष्ट प्रत्येक वर्गात सांगतात. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास ऑक्सफर्डला शिकलेले, १९४८ मध्ये त्यांनी म्हैसूरजवळच्या रामपुरा गावात फिल्डवर्क केलं. १९७० मध्ये ते स्टॅनफर्डला लिहायला बसले असताना तिथे कुणीतरी लावलेल्या आगीत त्यांच्या अठरा वर्षं खपून नीट लावलेल्या नोट्सच्या तिन्ही प्रती जळाल्या. मग एका सहकाऱ्याने सुचवलं म्हणून त्यांनी ते गाव आठवणीतून लिहून काढलं, आणि ते लिखाण भारतीय समाजशास्त्रातलं महत्त्वाचं काम ठरलं. यातून दोन गोष्टी कळतात, एक म्हणजे बॅकअप वेगवेगळ्या जागी ठेवा, दुसरी म्हणजे जिथे मन लावून राहिलात ते ठिकाण कागदाबाहेरही तुमच्यात उरतं.

परदेशात जाऊन स्वतःच्या समाजावर लिहिलं तर चालतं का, असंही विचारतात. चालतं, आणि याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याला माहीत असून आपण त्या अंगाने बघत नाही. ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला, जात म्हणजे बंदिस्त केलेला वर्ग आणि त्या बंदिस्तपणाची किल्ली जातीअंतर्गत लग्नात आहे हा मुद्दा त्यांनी तिथे मांडला. एका मास्टर्सनंतरच्या विद्यार्थ्याचा सेमिनार पेपर! इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या, मार्गदर्शक ऑयगन फिशर, वंशश्रेष्ठत्व मानणारे, कवट्यांच्या मोजमापातून ते दिसावं ही त्यांची अपेक्षा. कर्वे यांनी कवट्या मोजल्या आणि आकड्यांत तसं काही दिसत नाही असं लिहिलं. परक्या देशात, मार्गदर्शकाच्या विरुद्ध.

थिसिसकडे वळू, कारण कोर्स निवडताना मी सगळ्यात आधी तेच बघायला सांगते. काही ठिकाणी फिल्डवर्क कोर्सचाच भाग असतं, उदाहरणार्थ लायडनला एका वर्षाच्या मास्टर्समध्ये साधारण तीन महिने फिल्डवर, लुंडच्या दोन वर्षांच्या कोर्समध्ये इंटर्नशिप आणि फिल्डवर्क दोन्ही. ब्रिटनमधल्या बऱ्याच एका वर्षाच्या कोर्सेसमध्ये मात्र उन्हाळ्यात दहा ते पंधरा हजार शब्दांचं डिसर्टेशन, आणि ते बरेचदा लायब्ररीत बसूनच. ऑक्सफर्डचं डेव्हलपमेंट स्टडीजचं एमफिल दोन वर्षांचं आणि थिसिस तीस हजार शब्दांपर्यंतचा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि नेदरलँड्सच्या राडबाउड विद्यापीठात हे दोन्ही विषय एकाच नावाखाली जोडलेले कोर्स आहेत, बाकी ठिकाणी मुख्य डिग्री एकाची आणि दुसरा विषय मॉड्युलमधून घ्यायचा असं असतं. अमेरिकेत मानववंशशास्त्र घ्यायचं तर बहुतेक थेट पीएचडीचा रस्ता. रँकिंगच्या याद्यांवर फार वेळ घालवू नका, त्या विभागात सध्या कोण काय संशोधन करतंय आणि तुम्हाला फिल्डवर किती दिवस पाठवणार ते बघा.

फिल्डवर जायच्या आधी एथिक्सचा फॉर्म भरावा लागतो. लोकांची संमती कशी घेणार, नावं कशी लपवणार, त्यांना त्रास झाला तर काय करणार. हा भाग कंटाळवाणा समजून कॉपी-पेस्ट करणारे मी पाहिलेत, करू नका. आणि गेटकीपर नावाचा एक प्राणी असतो, म्हणजे तुम्हाला आत घेणारा माणूस, संस्थेचा मॅनेजर असेल किंवा गावातला वजनदार गृहस्थ, तो ज्याच्याशी ओळख करून देईल तेवढंच जग तुम्हाला दिसतं, बाकीचं त्याच्या पाठीमागे राहतं. हे लक्षात यायलाच पंधरा दिवस जातात.

मी लांब कुठे गेले नाही, त्याच शहरातल्या एका फूड बँकेत, म्हणजे गरजूंना फुकट अन्नधान्य देणाऱ्या केंद्रात, बारा आठवडे स्वयंसेवक म्हणून काम केलं. लॉरा नेडर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७२ मध्ये लिहिलं होतं की नेहमी गरिबांचाच अभ्यास का, ज्यांच्या हातात ठरवायची ताकद आहे त्यांच्याकडेही बघा, ते डोक्यात होतं. तर मी मदत घ्यायला येणाऱ्यांऐवजी खिडकीच्या अलीकडे बसणाऱ्यांचा अभ्यास करत होते. तिथे एक फॉर्म होता, त्यात रकाना, घरात किती माणसं. त्यावर पिशव्यांची संख्या ठरायची. एक आजी आल्या, म्हणाल्या तीन आणि पुतण्या. पुतण्या आठवड्यातून चार रात्री त्यांच्याकडे झोपतो, जेवतो मात्र रोज. सोमवारच्या स्वयंसेवकाने चार लिहिलं. गुरुवारच्याने तीन लिहिलं, कारण त्याचा पत्ता दुसरा आहे. तिसऱ्या एकीने आजींकडे बघितलं, पेन टेबलावर ठेवलं आणि मला विचारलं, तू शिकतेयस ना हे, तू सांग. मला सांगता आलं नाही. माझा अख्खा थिसिस मग त्या एका रकान्यावर झाला, घर म्हणजे काय, आणि ते ठरवण्याचा हक्क त्या खिडकीशी कसा येतो.

प्रवेशाचं थोडक्यात सांगते. पदवी मानववंशशास्त्रातच हवी असं बहुतेक ठिकाणी नसतं, समाजशास्त्र, इकॉनॉमिक्स, समाजकार्य, पत्रकारिता, कधी शेती किंवा इंजिनीअरिंगवालेही असतात, पण काही विभाग आधी प्रि-मास्टर्स म्हणजे पूर्वतयारीचा कोर्स करायला लावतात. आयएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत साधारण ६.५ ते ७ लागतात. एसओपीमध्ये, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणाऱ्या अर्जासोबतच्या निबंधात, "मला लहानपणापासून समाजसेवेची आवड" असं लिहू नका हो, वाचणाऱ्याने सकाळपासून तेच वाचलेलं असतं. त्यापेक्षा तुम्ही स्वतः पाहिलेली एक न सुटलेली गोष्ट लिहा, तिचं उत्तर तुमच्याकडे का नाही ते लिहा, आणि त्या विभागातल्या कुणाचं काम तिथे उपयोगी पडेल ते लिहा.

स्कॉलरशिपमध्ये ब्रिटनची चेव्हनिंग आहे, तिला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि कोर्स संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायची अट असते. कॉमनवेल्थ आहे. युरोपियन युनियनच्या इरास्मस मुंडस कोर्सेसमध्ये एकाच डिग्रीसाठी दोन-तीन देशांत शिकायला मिळतं. जर्मनीची डाड ही संस्था विकासाशी संबंधित निवडक कोर्सेसना पैसे देते, तिथेही दोन वर्षांचा अनुभव हवा. यांच्या मुदती कोर्स सुरू व्हायच्या जवळपास वर्षभर आधी असतात, म्हणजे पुढच्या सप्टेंबरला जायचं तर या ऑगस्टपासून वेबसाईट बघायला लागा, प्रवेशाचं पत्र आलं की स्कॉलरशिप शोधू असं म्हणणाऱ्यांची गाडी चुकलेली असते.

नोकरीबद्दल गोड बोलून उपयोग नाही. युनायटेड नेशन्सच्या सुरुवातीच्या जागा कमी, त्यातल्या ज्युनिअर प्रोफेशनल ऑफिसरच्या बऱ्याच जागा त्या त्या देशाचं सरकार मुख्यतः आपल्याच नागरिकांसाठी पैसे भरून चालवतं. आणि सध्या तर क्षेत्रच आकसतंय. ब्रिटनने २०२० मध्ये आपलं वेगळं विकास खातं परराष्ट्र खात्यात मिसळून टाकलं, मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ०.५ वर आणली आणि २०२७ पर्यंत ०.३ वर नेणार असल्याचं जाहीर केलंय, अमेरिकेची यूएसएड ही परदेशी मदतीची सरकारी संस्था जुलै २०२५ मध्ये बंद झाली. माझ्या ओळखीतल्या कित्येकांचे कॉन्ट्रॅक्ट एका ईमेलने संपले, त्यांचं ऐकताना वाईट वाटतं. त्यामुळे मोठं कर्ज काढून, नंतर तिकडेच नोकरी लागेल या एका भरवशावर हे करू नका असं मी स्पष्ट सांगते. फ्रेंच, स्पॅनिश किंवा अरबी येत असेल तर फरक पडतो, आणि आकड्यांचं एखादं सॉफ्टवेअर सोबत शिकून घ्या, कारण मुलाखतीत एथ्नोग्राफीचं कौतुक होतं आणि काम सर्व्हेचं मिळतं.

मलाही तेच मिळालं. मॉनिटरिंग आणि इव्हॅल्युएशन म्हणजे प्रकल्पाने काय साधलं ते मोजणं, सुरुवातीला बेसलाइन सर्व्हे, शेवटी परत सर्व्हे. पहिल्याच मीटिंगला प्रश्नावली स्क्रीनवर लावली होती, चाळीस प्रश्न, सगळे घाईत, पहिला प्रश्न होता "घरात किती माणसं राहतात?" सगळे पुढच्या प्रश्नावर गेले. मी हात वर केला आणि विचारलं, झोपायला की जेवायला? खोलीत जरा शांतता झाली, मग मॅनेजर म्हणाले थांबा, यावर बोलू. त्या एका प्रश्नावर दीड तास गेला आणि शेवटी त्याचे तीन प्रश्न झाले.